पालथा चष्मा

"ओरखडा कशाने आला?" चष्मेवाल्याने चष्मा दिव्यासमोर धरून विचारलं, आणि तिला परीक्षेत कॉपी करताना सापडल्यासारखं झालं. चष्मा नवा कोरा होता. ती आली होती तक्रार करायला: नाकाच्या दोन्ही बाजूंना बोचतो, लाल वळ उठतात, दुपारनंतर डोकं असं ठणकतं की समोरचा माणूस काय म्हणतोय यापेक्षा तो कधी थांबतोय इकडेच लक्ष राहतं. फिर्यादी म्हणून आलेल्याला पहिल्याच वाक्यात आरोपी करून टाकायची कला फक्त आपल्या कारखान्यातच शिकवतात, अशी तिची आजवर समजूत होती. "काच खाली करून ठेवलेला दिसतोय. पालथा," तो म्हणाला. "मी कधीच तसा ठेवत नाही." "मग आपला आपणच पालथा झाला असेल," असं म्हणून त्याने बारीक पकड उचलली आणि नाकावरच्या पट्ट्या वाकवायला घेतल्या. चष्म्याशिवाय समोरची भिंत विरघळली, फ्रेमांच्या रांगा गेल्या, आरसा गेला, आरशातली बाईही गेली. दुकानाच्या जागी नुसता पिवळट उजेड उरला आणि त्या उजेडात तिला आज दुपारचं टेबल लख्ख दिसलं. टेबलावर तिची फाइल. फाइलीवर तिचा चष्मा. पालथा. आणि पलीकडे काका, तोंड उघडं, वाक्य अर्धं, नजर चष्म्यावर.

"अगं आई गं," ती म्हणाली.

"दुखलं का?" चष्मेवाल्याने काळजीने विचारलं. चष्मा त्याच्याच हातात होता.

ती बाटल्यांच्या कारखान्यात कार्मिक अधिकारी होती. म्हणजे युनियन आणि कंपनी यांची बोलणी सुरू झाली की कंपनीच्या बाजूने तोंड उघडायचं ते तिने. युनियनच्या बाजूने काका. भट्टीवरचा जुना माणूस, युनियनचा सेक्रेटरी, आणि कुणाचाच सख्खा नसल्यामुळे सगळ्या कारखान्याचा काका. बैठकीच्या खोलीत तो तिला 'मॅडम' म्हणायचा आणि टेबलावर मूठ आपटायचा. खोलीबाहेर पाण्याच्या टाकीपाशी तोच माणूस 'ताई' म्हणायचा आणि ग्लास विसळून पुढे करायचा. तीही आत त्याला 'सेक्रेटरीसाहेब' म्हणे आणि बाहेर 'काका'. या दोन दारांच्या मधल्या जागेत इतक्या वर्षांत एक भाषा तयार झाली होती. तिच्यात शब्द दोनच. एक तिचा: चष्मा काढून, काच खाली करून, फाइलीवर ठेवणे. अर्थ, हे शेवटचं नाही, वर जाऊन अजून घेऊन येते, आज ताणू नका. एक त्याचा: रिकामा कप बशीत पालथा घालणे. अर्थ, याच्या खाली उतरलो तर माझीच माणसं मला खातील, आता ओढू नका. हे कुणी ठरवलं नव्हतं. रात्री दाराला कडी कुणी लावायची हे कुठलं नवरा-बायको ठरवतात? एक दिवस लक्षात येतं की वर्षानुवर्षं एकच जण लावतोय.

आज वाद होता तो बदली माणसाचा. भट्टीसमोर यंत्रांची ओळ, प्रत्येक यंत्रावर एक माणूस, लालभडक काच खाली उतरते आणि बाटली होऊन पुढे सरकते. ती कुणासाठी थांबत नाही. पाणी प्यायला जायचं तर शेजाऱ्याला सांगायचं, 'जरा बघ रे', की शेजारी दोन यंत्रं बघणार. युनियन म्हणत होती, प्रत्येक पाळीत एक माणूस मोकळा द्या, तो आळीपाळीने एकेकाला सोडवेल. कंपनी म्हणत होती, पंखे देतो. भट्टीसमोर पंखा म्हणजे तापलेल्या माणसाला तापलेली हवा घालणं, हे कंपनीलाही ठाऊक होतं. पण पंख्याला रजा लागत नाही. धाकट्या साहेबांनी तिला सकाळीच बजावलं होतं: "एकसुद्धा माणूस वाढणार नाही. हे शेवटचं." म्हणजे आजचं तिचं काम एवढंच होतं की नाही म्हणायचं आणि चष्मा नाकावर ठेवायचा. पहिलं तिने उत्तम केलं होतं. काका उसळले, मूठ वर गेली, संपाची तारीख तोंडात आली, आणि त्याच वेळी नाकाच्या हाडाशी अशी कळ गेली की हाताने परस्पर चष्मा काढला आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने जिथे ठेवतात तिथे, जसा ठेवतात तसा ठेवला. काकांची मूठ हवेतच सुटली. त्यांनी चहा संपवला, कप पालथा घातला, "चला, आज पुरे," म्हणून आपल्या माणसांना उठवलं. तरणी पोरं कुरकुरली. तिला वाटलं होतं, वय झालं काकांचं. शिवाय, आता आठवून तिला लाज वाटली, असंही वाटलं होतं की नकार द्यावा तर असा, समोरच्याचं अवसानच गळालं पाहिजे.

"बघा आता," चष्मेवाला म्हणाला. तिने चष्मा घातला. कुठेच बोचत नव्हता. हे तर अधिकच वाईट झालं.

घरी चालत जाताना ती दुकानांच्या काचांतून स्वतःला जाता जाता बघत राहिली. रस्ता रोजचाच, किल्ल्या करून देणारा, उघड्या गटाराशेजारचं फुलांचं दुकान, दोन फूटपाथांमध्ये अडकलेलं एक झाड. पण सगळ्याच्या कडा नव्या काचेने इतक्या धारदार केल्या होत्या की लागतील असं वाटावं. ही खूण सुरू कशी झाली? पहिली बैठक. ती नवी, आधीचा अधिकारी नोकरी सोडून गेलेला, तिच्या हातात कंपनीचा नकार आणि समोर ओरडणारी माणसं. तिला इतकं ओरडून आजवर फक्त आई बोलली होती, आणि आईला निदान उलट उत्तर देता येत नसे म्हणून गप्प बसणं सोपं होतं. डोळ्यांत पाणी आलं ते दिसू नये म्हणून तिने चष्मा काढला आणि फाइलीत मान घातली. काकांनी ओरडणं मध्येच थांबवून विश्रांती मागितली. टाकीपाशी येऊन म्हणाले, "ताई, रडायचं नाही. वर जा आणि विचारून या. माणूस चष्मा काढतो तेव्हा त्याला अजून काहीतरी दिसत असतं." ती रागाने वर गेली होती, आपण रडत नव्हतो हे सिद्ध करायला, आणि त्या रागाच्या भरात थोरल्या साहेबांकडून थोडं जास्त घेऊन आली होती. म्हणजे मुळात ही खूण चुकीतूनच जन्मली. चुकीने जन्मलेलं मूल वर्षानुवर्षं घरात वाढलं, कमावतं झालं, आणि आता दुसऱ्या एका चुकीने दारात येऊन उभं राहिलं तर त्याला काय म्हणायचं? की तू खोटं आहेस?

आणि कप. कप एकदाच तिने वाचला नव्हता. किंवा वाचला आणि पुढे ओढलं. तिला वाटलं होतं, अजून एक पायरी उतरेल. दुसऱ्या दिवशी संप. सगळा कारखाना गप्प, फक्त भट्टी चालू, कारण भट्टी विझली की आतली काच तिथेच गोठते आणि मग भट्टी फोडूनच काढावी लागते. ना कंपनी उरत ना युनियन. म्हणून संपातही चार माणसं भट्टी तेवत ठेवत, आणि त्यात काका. स्वतःच पुकारलेल्या संपात कामावर. तरणी पोरं फाटकातून ओरडायची, "काका, साहेबांची चूल सांभाळताय का?" एका संध्याकाळी ती आत गेली होती, का ते आज नीट आठवत नाही, बहुधा माफी मागायला, आणि माफी मागायला तोंड उघडलं तर तोंडात उष्णता शिरली. श्वास आत जाईना. चष्म्याच्या धातूच्या काड्या तापल्या आणि कानांच्या मागे डाग दिल्यासारखं चुरचुरलं. काका हसले. "काढा तो. इथे काही दिसायची गरज नाही, समजतं सगळं." तिथे ती उभी होती ती एखादा निरोप सांगण्याएवढीच. त्या दिवसापासून 'जरा बघ रे' हे तीन शब्द कुठेही ऐकले, भाजीवाल्याने शेजाऱ्याला म्हटले तरी, तिचे कान चुरचुरायचे.

नवरा वकील होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, अगदी मधे न बोलता, म्हणजे त्याला मजा येत होती. "तू तोंडाने काही म्हणालीस?"

"नाही."

"मान हलवलीस?"

"नाही रे. चष्मा काढला."

"करार व्हायला प्रस्ताव लागतो, स्वीकृती लागते. चष्मा लागत नाही," तो म्हणाला. "उद्या कोर्टात उभं राहून तो म्हणणार काय? की बाईंनी चष्मा काढला, सबब माणूस द्यावा? जज हसून खुर्चीवरून पडेल."

"तो कोर्टात जाणारच नाही."

"मग प्रश्न काय आहे?"

"हाच," ती म्हणाली.

तो उठून दाराला कडी लावायला गेला. कडी तोच लावायचा. एखाद्या रात्री त्याने लावली नाही आणि विचारल्यावर म्हणाला, 'असं कुठे ठरलं होतं?' तर? चोर येवो न येवो, झोप तर गेलीच.

सकाळी फाटकावर सभा होती. तिच्या खोलीची खिडकी त्या बाजूलाच होती. कारखाना बांधणाऱ्याने कार्मिक अधिकाऱ्याच्या नशिबात काय काय ऐकणं असतं याचा विचार केलेला दिसत होता. काका लोखंडी पेटीवर उभे होते. "सोमवारचा संप आपण पुढे ढकलतोय," ते म्हणाले, आणि गर्दीतून एक लांबलचक हुर्यो उठली. "बदली माणूस मिळणार आहे."

"कोण म्हणालं?"

"मी म्हणतोय."

"कागद दाखवा!"

"कागद नाही."

"मग काय, मॅडमनी डोळा मारला काय, काका?" सगळे हसले. खिडकीआड तिचे कान तापले. पोरगं खऱ्याच्या किती जवळ गेलं होतं ते त्यालाच कळलं नव्हतं. काकाही हसले, हसू ओसरू दिलं, आणि मग म्हणाले, "नाही मिळाला, तर सेक्रेटरीची खुर्ची सोडतो. आणि पुन्हा तुमच्यातल्या कुणासाठी एक शब्द बोलणार नाही. झालं समाधान?" त्यावर कुणी हसलं नाही. ती खिडकीपासून मागे सरली आणि तिला स्पष्ट कळलं की आता हा प्रश्न माणसाचा राहिलेला नाही, किंवा एकाच माणसाचा राहिलेला आहे.

दुपारी तिने त्याला टाकीपाशी गाठलं. खरं सांगून टाकायचं ठरवून गेली होती. लाज वाटेल, तो चिडेल, पण तारीख अजून त्याच्या हातात होती, संप परत जाहीर करता आला असता. "काका, काल बैठकीत ना, मी तो..."

"ताई," काकांनी ग्लास विसळून, भरून तिच्यापुढे धरला, "बाहेर नको. जे आहे ते टेबलावर." आणि निघून गेले. भरलेला ग्लास हातात घेऊन उभं राहणं हे किती मूर्खासारखं दिसतं हे तिला त्या दिवशी कळलं.

उरले धाकटे साहेब. थोरले आता भिंतीवर चौकटीत होते आणि त्यांच्या खाली दुसऱ्या चौकटीत एक वाक्य होतं. साहेबांनी मध्यंतरी एका सल्लागाराला बोलावून वरिष्ठांना मानवी संबंध शिकवले होते. संबंध एका दिवसात शिकवून झाले, जेवणाच्या सुट्टीसकट. सल्लागाराने सांगितलं होतं की समोरचा हाताची घडी घालून बसला की त्याचं मन बंद आहे असं समजावं. युनियनची माणसं दर बैठकीत हाताची घडी घालून बसत, कारण भट्टीवरून उठून आलेल्या माणसाला त्या खोलीतल्या एसीत हुडहुडी भरते. पण एक नियम साहेबांना इतका आवडला की त्यांनी तो मोठ्या अक्षरांत मढवून घेतला: टेबलावर कंपनीचं तोंड एकच. आपल्या माणसाला आपण तिथे खोडायचं नाही.

"काय जादू केलीत हो?" साहेब म्हणाले. "एकदम थंड झाले. आता पंख्यांची संख्या कमी करता येईल का बघा."

"साहेब, बदली माणूस द्यावा लागेल."

"आता? आता तर अजिबातच नको. ते नरमलेत."

"ते नरमलेत, कारण त्यांना वाटतंय आपण देणार आहोत."

"असं त्यांना कोण म्हणालं?"

"तसं माझ्याकडून समजलं त्यांना."

"तुम्ही म्हणालात?"

"नाही."

"लिहून दिलंत?"

"नाही."

"मग तो त्यांचा गैरसमज," साहेब म्हणाले, आणि वाक्य आवडल्यामुळे थोडे मागे रेलले. "गैरसमजाला आपण पगार देत नाही. सोमवारी मी स्वतः बसतो तुमच्या शेजारी. बोलायचं तुम्हीच. मी फक्त त्यांचे चेहरे बघणार." तिने मान खाली घातली, वर केली, आणि नजर साहेबांच्या डोक्यावरून त्या चौकटीवर गेली. काच स्वच्छ पुसलेली होती. नव्या चष्म्यातून प्रत्येक अक्षर सुटं सुटं, काळंभोर दिसत होतं. ती ते दोनदा वाचून बाहेर पडली. नोकरीचं काय होईल हा विचार जिन्यावर आला. तो तिने जिन्यावरच ठेवला. घरात बसलो तर कडी कोण लावणार हा वाद तेवढा होईल. पण खूण खोटी ठरली तर पुढच्या वेळी त्या टेबलावर दोन्हीकडून नुसती माणसं बसतील, आणि माणसं नुसतीच बसली की काय होतं ते तिने एकदा पाहिलं होतं.

सोमवारी टेबल तेच, चहा तोच, हाताच्या घड्या त्याच. काका समोर. त्यांच्या मागे ते 'डोळा मारला काय' म्हणणारं पोरगं, आज मुद्दाम आणलेलं. तिच्या उजव्या हाताला धाकटे साहेब, चेहरे बघत. कोपऱ्यात टिपणं घेणारी बाई. चष्मा आता बोचत नव्हता. त्यामुळे तो काढायला सबबही उरली नव्हती आणि न काढायलाही. "सेक्रेटरीसाहेब," ती म्हणाली, आणि आपला आवाज तिला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा ऐकू आला, पण ठणठणीत, "भट्टी विभागात प्रत्येक पाळीत एक बदली माणूस देण्याचं कंपनी मान्य करते. पुढच्या महिन्यापासून."

टेबलाखाली तिच्या चपलेवर बुटाचं टोक आलं आणि दाबलं गेलं. हा खुणेचा प्रकार नवीन होता. त्याचा अर्थ दोन्ही पक्षांनी अजून ठरवलेला नव्हता, म्हणून तिने तो लावायचं नाकारलं. टोक पुन्हा आलं. तिने पाय जागचा हलवला नाही. "टिपणात घ्या," काका कोपऱ्यातल्या बाईला म्हणाले. बाईने तिच्याकडे पाहिलं. "घ्या," ती म्हणाली. "जरा पाच मिनिटं थांबू या का आपण?" साहेब अगदी गोड आवाजात म्हणाले. हेच ते. विश्रांती झाली की वाक्य वर जाईल आणि खाली येईल तेव्हा त्याचा पंखा झालेला असेल. डोळे चुरचुरत होते, हात वर जाऊ बघत होता, वर्षानुवर्षांची सवय. तिने तो फाइलीवर सपाट ठेवला आणि वरून दुसरा ठेवला. "थांबायला काही उरलेलं नाही, साहेब," ती म्हणाली. "तुम्ही मला बोलायला सांगितलंत, ते बोलून झालं. का, काही राहिलं का?" सगळे चेहरे साहेबांकडे वळले. चेहरे बघायला आलेल्या माणसाने ते सगळे एकदम बघितले. त्याचे ओठ उघडले, त्या चौकटीतलं वाक्य जणू त्याच्या डोळ्यांपुढून गेलं, आणि ओठ मिटले. "नाही," साहेब म्हणाले. "बरोबर आहे." काकांनी चहा संपवला आणि कप पालथा घातला. मागच्या पोराच्या हाताची घडी सुटली.

सह्या झाल्यावर ती टाकीपाशी गेली. काका आधीच तिथे होते. त्यांनी ग्लास विसळून, भरून तिच्या हातात दिला.

"पट्ट्या सैल केल्यात वाटतं," ते म्हणाले. "वळ गेला."

"कुठला वळ?"

"नाकावरचा. त्या दिवशी चष्मा काढलात तेव्हा लालभडक होता. भट्टीवर नव्या माणसाला असाच उठतो, गॉगल घट्ट बसला की."

तिने ग्लास तोंडापासून खाली घेतला. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"काय?"

"की मी तो तसा नव्हता काढला. नुसता बोचत होता."

"का काढलात ते मी कसं सांगणार, ताई? काढलात, हे दिसलं. पालथा ठेवलात, हे दिसलं."

"आणि मी सांगायला आले तर सांगूही दिलं नाहीत!"

"तुम्ही सांगितलं असतंत तर मला ऐकावं लागलं असतं."

ग्लासातलं पाणी त्यांच्या अंगावर फेकावं असं तिला क्षणभर मनापासून वाटलं. इतके दिवस ती एका माणसाचा विश्वास उराशी धरून वावरली, आणि तो या बेट्याने लावलेला डाव निघाला. "आणि मी नाही म्हटलं असतं तर?"

"तर मी गेलो असतो," काका म्हणाले. "पेटीवर चढून बोललो होतो ना. त्यात खोटं काही नव्हतं." त्यांनी तिच्या हातातला ग्लास घेतला, भरून परत दिला. देताना त्यांच्या हातून पाणी थोडं सांडलं. ते तिने पाहिलं, आणि फेकायचं राहून गेलं.

मागे दार उघडलं. "मॅडम," धाकटे साहेब म्हणाले, "जरा आत येता?" आवाज आता गोड नव्हता.

काकांनी दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "पुढच्या कराराला तुम्हीच असाल ना, ताई?"

तिने पाणी पिऊन ग्लास टाकीवर उलटा ठेवला, दोन्ही हातांनी चष्मा नाकावर घट्ट बसवला.

"असेन," ती म्हणाली, आणि आत गेली. आत काहीही झालं तरी तो काढायचा नाही, एवढं तिचं ठरलं होतं.